संध्याकाळी सातची वीज

ठाणे-बेलापूर रस्त्याने ऐरोलीकडे जाताना उच्चदाब तारांचं जाळं डोक्यावरून जातं. तिथेच, कळव्याच्या ४०० केव्ही (किलोव्होल्ट) उपकेंद्राच्या शेजारी, राज्य भार प्रेषण केंद्र आहे. चंद्रपूरचे संच किती चालवायचे, कोयनेचं पाणी कधी सोडायचं, राज्याबाहेरून किती वीज घ्यायची, हे चोवीस तास तिथून सांभाळलं जातं. कंपनीच्या बसने रबाळे-महापेला जाणाऱ्या बहुतेकांना त्या कुंपणामागे काय चालतं याची कल्पना नसते. वीज येत असली की ती कुठून येते हे कोण विचारतं? पण आता विचारायला हवं. देशात सौरऊर्जा किती वाढली याचे आकडे रोज वाचायला मिळतात, कौतुकही होतं. मला उत्सुकता आहे ती संध्याकाळी सात ते रात्री अकरा या चार तासांची. या वेळात ठाणे आणि नवी मुंबईत वापरली जाणारी वीज कशापासून तयार होते आणि तिची खरी किंमत कोण मोजतं?

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलं की देशाच्या स्थापित वीजक्षमतेतली निम्मी क्षमता आता कोळसा, वायू, डिझेल यांच्यावर अवलंबून नाही. सुमारे ४८४ गिगावॅटपैकी २४२ गिगावॅट (एक गिगावॅट म्हणजे हजार मेगावॅट). हे २०३० पर्यंत करू असं भारताने जगाला सांगितलं होतं. पाच वर्षं आधीच झालं. बातमी खरी आहे आणि आनंदाचीही. पण सोसायटीच्या ग्रुपवर ती येईपर्यंत 'निम्मा देश सूर्यावर चालतो' अशी होऊन आली, आणि घोळ तिथेच झाला. या निम्म्यात मोठी जलविद्युत केंद्रं आहेत, अणुवीज आहे. शिवाय क्षमता आणि निर्मिती या दोन वेगळ्या गोष्टी. सौर प्रकल्प आपल्या क्षमतेच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाइतकीच वीज वर्षभरात देतो, कारण रात्र असते, ढग असतात, पॅनलवर धूळ बसते. कोळशाचा संच साठ-सत्तर टक्क्यांपर्यंत चालतो. म्हणून २०२४-२५ या वर्षात प्रत्यक्ष तयार झालेल्या विजेचा जवळपास पाऊण वाटा औष्णिकच होता. मोठ्या धरणांची वीज धरूनही नवीकरणीय विजेचा वाटा पाचव्या हिश्शाच्या थोडा वर.

यावरून 'सौरऊर्जा म्हणजे नुसता देखावा' असं म्हणणाऱ्यांचंही पटत नाही. २०१० साली राष्ट्रीय सौर अभियान सुरू झालं तेव्हा केंद्रीय वीज नियामक आयोगाने धरलेला सौर विजेचा दर युनिटला १७ रुपये ९१ पैसे होता. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या निविदेत तो १ रुपया ९९ पैशांवर आला. नंतर थोडा चढला, तरी नव्या कोळसा प्रकल्पाच्या विजेपेक्षा दुपारची सौर वीज स्वस्त पडते यात वाद उरलेला नाही. अभियानाचं पहिलं उद्दिष्ट २०२२ पर्यंत २० गिगावॅट होतं. २०१५ मध्ये ते १०० करण्यात आलं तेव्हा अनेकांनी खांदे उडवले. २०२५ च्या जानेवारीअखेर १०० चा टप्पा ओलांडला गेला. उशीर झाला, पण झालं. एखादी सरकारी योजना इतक्या ठळकपणे जमिनीवर उतरलेली माझ्या पिढीने फारशी पाहिलेली नाही.

आता दोन दिवस शेजारी ठेवून पाहा. २९ जुलै २०२५ रोजी देशाची मागणी २०३ गिगावॅट असताना त्यातली ५१.५ टक्के वीज नवीकरणीय स्रोतांतून आली. सौर ४४.५, पवन जवळपास ३० आणि जलविद्युत ३० गिगावॅटच्या थोडी वर. भर पावसाळ्यात सह्याद्रीवर वारा सुटलेला, धरणं भरत आलेली, राजस्थानात ऊन. तिन्ही स्रोत एकाच वेळी जोरात. दुसरीकडे २०२४ चा मे महिना. ३० तारखेला मागणीने २५० गिगावॅटचा विक्रम केला. तो दुपारचा होता, म्हणून सूर्य मदतीला होता. त्याच आठवड्यात सूर्य मावळल्यानंतरही मागणी २३० गिगावॅटच्या वर गेली. मे महिन्यातल्या अशा रात्री वारा पडलेला, धरणं तळाला. राहिला कोळसा.

तेव्हा वर्षाच्या सरासरीत सगळं झाकलं जातं, आणि तासाच्या हिशेबात उघडं पडतं.

दुपारची गोष्ट तर उलटीच होऊ लागली आहे. राजस्थानात तयार असलेली सौर वीज वाहून न्यायला तारा अपुऱ्या पडतात, म्हणून प्रकल्पांना निर्मिती थांबवायला सांगितलं जातं. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने सल्ला काढला की यापुढच्या सौर निविदांमध्ये निदान दोन तासांची साठवण असावी, क्षमतेच्या किमान १० टक्के. निव्वळ दुपारची वीज घ्यायला वितरण कंपन्या पूर्वीइतक्या उत्सुक नाहीत. कोळशाचे संच दुपारी क्षमतेच्या ५५ टक्क्यांपर्यंत खाली आणायचे आणि सूर्य कलला की तासा-दोन तासांत पुन्हा वर न्यायचे, अशी कसरत रोज चालते. हे संच अशा चढउतारासाठी बांधलेलेच नाहीत. बॉयलर आणि पाइप थकतात, दुरुस्ती वाढते, आणि तो खर्च फिरून आपल्याच बिलात येतो.

या दुपार आणि संध्याकाळच्या दरीत आपली शहरं नेमकी चुकीच्या बाजूला उभी आहेत. घोडबंदर रोडच्या कुठल्याही टॉवरमध्ये दुपारी दोनला जा. लिफ्ट मोकळ्या, फ्लॅटला कुलपं, वीज वापरत असतात ते फ्रिज आणि वाय-फाय. माणसं अंधेरी, बीकेसी, ऐरोली, पवईला गेलेली. साडेसहाची फास्ट लोकल पकडून ती परतायला लागतात, आणि सात ते नऊ या वेळात प्रत्येक घरात दिवे, टीव्ही, मिक्सर, इंडक्शन, एसी सगळं एकदम सुरू होतं. त्यात आता विजेवरच्या गाड्यांची भर पडली आहे. गाडी घरी आली की चार्जरला लावायची, ही सवय पडून गेली. नवी मुंबईत याच्या जोडीला डेटा सेंटरं आहेत. देशातल्या डेटा सेंटर क्षमतेतला जवळपास निम्मा वाटा मुंबई महानगरात आहे आणि त्यातला मोठा भाग ऐरोली, रबाळे, महापे, पनवेलच्या पट्ट्यात. तिथे रात्र नसते. 'आम्ही शंभर टक्के हरित वीज वापरतो' अशा पाट्या उद्योगांच्या अहवालांत झळकतात, पण बहुधा वर्षभरात वापरली तेवढी युनिटं कुठेतरी सौर प्रकल्पातून विकत घेतली, असा तो हिशेब असतो. रात्री दहाला त्या सर्व्हरच्या पंख्यांना फिरवणारी वीज विदर्भातल्या कोळशाची असू शकते. चंद्रपूरला राहणाऱ्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. राख त्यांच्या गच्चीवर येते.

मग आपापल्या गच्चीवरच सौर पॅनल लावावेत, हा आपल्याकडचा आवडता उपाय. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटपर्यंत ७८,००० रुपये अनुदान मिळतं, गृहनिर्माण संस्थेच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये. बंगलेवाल्याला, गावाकडच्या घराला हे फारच चांगलं. शहरात मात्र साधं गणित करून पाहावं. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते आणि त्यातून दिवसाला चारेक युनिट मिळतात. समजा तीस मजली इमारत आहे, मजल्यावर चार फ्लॅट, म्हणजे १२० घरं. गच्ची पाच हजार चौरस फूट. त्यातून पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली, आगीसाठीची टाकी, मोबाइलचा टॉवर आणि शेजारच्या टॉवरची सावली वजा केली तर निम्मी जागा हाती लागली तरी नशीब. पंचवीस किलोवॅट. दिवसाला शंभर युनिट. घरामागे एक युनिटही पडत नाही, आणि दीड टनाचा एसी साधारण तासाभरात तेवढं संपवतो. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांचं कॉमन बिल त्यातून कमी होईल, आणि ते जरूर करावं. पण 'आमची सोसायटी सौर झाली' असं म्हणताना त्यात किती घरांची संध्याकाळ बसते हेही बघावं.

जुन्या ठाण्यात अडचण वेगळीच आहे. नौपाडा, पाचपाखाडी, चरई इथल्या चार मजली इमारतींच्या गच्च्या मोकळ्या दिसतात, पण पावसाळ्यात गळती थांबवायला त्यांच्यावर पत्र्याची शेड घातलेली असते. त्या पत्र्यावर पॅनलचं वजन झेपेल का, वादळात ते उडालं तर जबाबदारी कोणाची, यावर सर्वसाधारण सभेत दोन तास जातात. आणि तेवढ्यात मागच्या रांगेतून कोणीतरी विचारतं, "अहो, पाच वर्षांत रिडेव्हलपमेंटला जाणार आपण, पंचवीस वर्षांचे पॅनल कशाला लावता?" या प्रश्नाला सेक्रेटरींकडे उत्तर नसतं, कारण प्रश्न रास्त आहे. वाशीच्या सिडको वसाहतींतही हेच. पुनर्विकासाच्या करारात नव्या इमारतीच्या गच्चीचा सौर वापर, वायरिंगची तरतूद आणि तळघरात दिवसा चार्जिंगची सोय आजच लिहून घेतली तर पुढच्या वीस वर्षांचं काम होईल. बिल्डरशी वाटाघाटी करताना मात्र सगळं लक्ष वाढीव कार्पेट एरियावर असतं.

मोठी छपरं आहेत ती भिवंडीच्या गोदामांवर, टीटीसी या नवी मुंबईच्या औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यांवर, वागळे इस्टेटच्या शेडवर. सौर पॅनलसाठी मला त्या जागा निवासी गच्च्यांपेक्षा कितीतरी सरस वाटतात. तिथे दुपारीच काम चालतं, म्हणजे वीज तयार झाली तिथेच, त्याच वेळी वापरलीही गेली. भिवंडीतली बरीच गोदामं बांधकाम परवान्याच्या घोळात अडकलेली आहेत ही गोष्ट वेगळी. मोरबे धरणाच्या पाण्यावर तरंगते पॅनल बसवायची चर्चाही नवी मुंबईत बरीच वर्षं चालू आहे. व्हावं ते. तरीही ही सगळी दुपारचीच वीज.

आणि इथे छतावरच्या सौर विजेबद्दल एक अप्रिय गोष्ट बोलायला हवी. नेट मीटरची पद्धत अशी: दुपारी जादा झालेलं युनिट ग्रिडला, म्हणजे विजेच्या सामाईक जाळ्याला, द्यायचं आणि संध्याकाळी एकास एक परत घ्यायचं. म्हणजे दुपारी शेजारी ताक देऊन संध्याकाळी त्याच मापाने तूप मागायचं. दुपारच्या युनिटला आज घाऊक बाजारात किंमत कमी, संध्याकाळच्या युनिटला कितीतरी जास्त. मधला फरक वितरण कंपनीच्या खात्यात पडतो आणि पुढच्या दरवाढीत सगळ्यांवर वाटला जातो. सगळ्यांवर म्हणजे ज्याला गच्चीच नाही त्याच्यावरही. किसननगरच्या चाळीत, कळव्याच्या डोंगरउतारावर, दिघ्याच्या वस्तीत एका खोलीत राहणारा भाडेकरू पॅनल कुठे लावणार? तरी त्याच्या बिलात घोडबंदरच्या रो-हाउसच्या बचतीचा एक छोटा तुकडा येतो. महावितरणने २०२५ च्या सुरुवातीला दुपारची युनिटं दुपारच्या वापरापुरतीच वळती करायचा प्रस्ताव आणला तेव्हा मोठा विरोध झाला. ज्यांनी कर्ज काढून, पंचवीस वर्षांचा हिशेब मांडून पॅनल लावले त्यांचे नियम मध्येच बदलणं अन्यायाचं आहे, यात मी त्यांच्या बाजूने आहे. पण नव्याने लावणाऱ्यांसाठी दुपार आणि संध्याकाळ वेगळी मोजायलाच हवी. तरच कोणी बॅटरीचा विचार करेल.

माझं मुख्य म्हणणं आता थेट सांगतो. घरगुती ग्राहकालाही वेळेनुसार दर लागायला हवा: दुपारी स्वस्त, संध्याकाळी महाग. केंद्राने २०२३ मध्ये ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती करून हेच ठरवलं. सौर तासांत दर निदान २० टक्क्यांनी कमी, गर्दीच्या तासांत घरगुती ग्राहकाला किमान १.१ पट, आणि १ एप्रिल २०२५ पासून शेती सोडून सगळ्यांना लागू. महाराष्ट्रात १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळात युनिटमागे ८० पैसे सवलत सुरू झाली. अर्धं पाऊल पडलं. गोड अर्धं.

कडू अर्ध्याबद्दल, म्हणजे संध्याकाळच्या जादा दराबद्दल, बोललं की तीन आक्षेप येतात. पहिला: 'दुपारी घरी असतं कोण?' बरोबर आहे. नोकरदार माणूस पोळ्या दुपारी दोनला लाटू शकत नाही. पण सगळाच वापर पोळ्यांसारखा नसतो. आमच्याकडच्या बहुतेक सोसायट्यांत पाण्याचा पंप सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाला चालतो, कारण वॉचमनची पाळी तेव्हा बदलते आणि वर्षानुवर्षं तसंच चालत आलं आहे. तळटाकी भरलेली असते, वरची टाकी दुपारी बारालाही भरता येते. स्टार्टरच्या पेटीत एक टायमर बसवायचा, दीड बोटभर रुंदीचा, इलेक्ट्रिशियन अर्ध्या तासात लावून देतो. सांडपाणी प्रक्रियेचे ब्लोअर, जलतरण तलावाचा फिल्टर, ऑफिसच्या वाहनतळात गाड्यांचं चार्जिंग, हेही हलू शकतं. महापालिकेचं तर विचारूच नका. भातसा नदीवरच्या पिसे बंधाऱ्यातून पाणी उचलून टेमघरला शुद्ध करायचं आणि ठाण्यापर्यंत आणायचं, यात पंपांची वीज किती लागते याचा अंदाज पाणीपुरवठा विभागाला चांगला आहे. साठवण टाक्या पुरेशा मोठ्या बांधल्या तर त्यातलं बरंचसं उपसणं दुपारी होईल. बॅटरीपेक्षा पाण्याची टाकी स्वस्त, आणि ती वीस वर्षांत मरत नाही.

दुसरा आक्षेप स्मार्ट मीटरवरच्या अविश्वासाचा. हा अविश्वास लोकांनी हवेतून आणलेला नाही. २०२४ मध्ये सामान्य ग्राहकांना प्रीपेड स्मार्ट मीटर लावणार नाही असं सांगितलं गेलं. पुढे पोस्टपेड स्वरूपातले मीटर 'टीओडी (टाइम ऑफ डे, म्हणजे वेळेनुसार वापर मोजणारे) मीटर' या नावाने भिंतींवर आले. घरात माणूस नसताना मीटर बदलून गेल्याच्या, बिल अचानक वाढल्याच्या तक्रारी झाल्या. ज्याला शंका आहे त्याच्यासमोर जुना आणि नवा मीटर महिनाभर शेजारी ठेवून आकडे दाखवावेत, हे वितरण कंपन्यांनी न मागता करायला हवं होतं. परंतु मीटर कोणी, कोणत्या कंत्राटात, कसा लावला हे भांडण वेगळं आणि सातच्या विजेला दुपारपेक्षा जास्त किंमत असावी की नाही हा प्रश्न वेगळा. पहिल्याचा राग दुसऱ्यावर काढला की शेवटी सपाट दर राहतो आणि त्यात गैरसोय त्याचीच होते जो संध्याकाळी सर्वांत कमी वीज वापरतो.

तिसरा आक्षेप गरिबांचा, आणि त्याला उत्तर सोपं आहे. महिन्याला १०० युनिटांच्या आतल्या ग्राहकाला संध्याकाळचा जादा दर लावूच नये. दोन दिवे, एक पंखा, टीव्ही, छोटा फ्रिज यांनी राज्याची संध्याकाळ अडत नाही. अडते ती ३०० आणि ५०० युनिटांच्या वरच्या घरांनी, जिथे तीन खोल्यांत तीन एसी १८ अंशांवर चालतात आणि माणसं पांघरूण घेऊन झोपतात. या वर्गात मीही आहे. बिल वाढलं तर कुरकुरेन, पण भरेन.

शेतकऱ्याने हे आधीच केलं आहे, फक्त त्याला कोणी विचारलं नव्हतं. वर्षानुवर्षं महाराष्ट्रातल्या शेतीपंपांना आठवड्यातले काही दिवस रात्रीच वीज मिळायची, कारण दिवसा ती शहरांना आणि कारखान्यांना लागायची. थंडीत, विंचू-सापांच्या आणि काही भागांत बिबट्याच्या भीतीत तो पिकाला पाणी द्यायला मध्यरात्री बाऱ्यावर उभा राहिला. आता मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळच सौर प्रकल्प उभारून शेतीचे फीडर, म्हणजे पंपांना वीज नेणाऱ्या वाहिन्या, दिवसा चालवायचं काम सुरू आहे, युनिटला तीन रुपयांच्या आसपास दराने. २०१७ च्या योजनेला २०२३ मध्ये खरा वेग आला आणि उद्दिष्ट १६,००० मेगावॅटपर्यंत गेलं. देशात इतरत्र अनुकरण व्हावं अशी ही योजना आहे. ज्या शेतकऱ्याने वर्षानुवर्षं स्वतःची झोप मोडून आपली दुपार सांभाळली, त्याचा वापर आता सूर्याच्या वेळेला जुळला. आपला पंपाचा टायमर बदलायला आपण सर्वसाधारण सभेचा ठराव मागतो.

दर कितीही नीट लावले तरी संध्याकाळ पूर्ण रिकामी होणार नाही. उरलेल्यासाठी साठवण हवी आणि तारा हव्यात. बॅटरीच्या बाबतीत चित्र वेगाने पालटतंय. २०२२ च्या पहिल्या मोठ्या निविदेत महिन्याला मेगावॅटमागे सुमारे १०.८ लाख रुपये दर आला होता. २०२५ पर्यंत, सरकारी मदत धरून, तो सव्वादोन लाखांच्या आसपास उतरला. पण पाण्याची साठवण आपल्याकडे जुनी आहे. ठाणे जिल्ह्यातच, शहापूर तालुक्यात चोंढ्याला घाटघर प्रकल्पाचं खालचं धरण आहे. वरचं धरण घाटमाथ्यावर, अकोले तालुक्यात. वीज स्वस्त असताना पाणी वर चढवायचं, महाग असताना खाली सोडायचं. २५० मेगावॅट, २००८ पासून. रायगडमधल्या भिऱ्यालाही टाटांचा १५० मेगावॅटचा असा संच आहे. शंभर युनिट खर्चून पंचाहत्तर-ऐंशी परत मिळतात, म्हणजे तोटा आहेच, पण दुपारची वीज फेकून देण्यापेक्षा कमी. पाण्यावरच्या विजेची चपळाई देशाने ५ एप्रिल २०२० ला पाहिली. रात्री नऊला नऊ मिनिटं दिवे घालवा असं आवाहन झालं. १२ ते १४ गिगावॅट भार कमी होईल असा अंदाज होता, प्रत्यक्षात ३१ गिगावॅटने घसरला. ग्रिड टिकलं ते जलविद्युत संच काही मिनिटांत खाली आणून पुन्हा वर नेल्यामुळे. कोळशाच्या संचांना हे जमलं नसतं.

तारांचा धडा आपण स्वतः भोगला आहे. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघे वाहिन्या आणि मग बाकीचं जाळं कोसळलं, लोकल जागच्या जागी थांबल्या, ठाणे-नवी मुंबई-मुंबई तासन्‌तास अंधारात. कोविडचे दिवस, रुग्णालयं जनरेटरवर. तेव्हापासून नव्या वाहिन्यांची भाषा झाली. खारघर-विक्रोळी वाहिनी कित्येक वर्षं रखडून २०२३ मध्ये सुरू झाली. पडघ्याकडून येणाऱ्या आणखी वाहिन्यांना भिवंडी, कल्याण, पनवेलच्या गावांतून विरोध आहे, खाडीकाठी खारफुटीच्या परवानग्या आहेत. हा विरोध विकासाला आडकाठी म्हणून हिणवायची पद्धत मला मान्य नाही. ज्याच्या शेतात मनोरा उभा राहतो त्याची जमीन पुढे विकली जात नाही, आणि वर गुणगुणणाऱ्या तारांतली वीज जाते दुसऱ्याच्या एसीला.

शहापूर तालुक्याला हे नवं नाही. तानसा, मोडक सागर, भातसा ही धरणं त्याच तालुक्यात. मुंबई-ठाण्याला पाणी तिथून येतं, आणि एप्रिल उजाडला की तिथल्याच पाड्यांवर टँकर लागतात. आता सह्याद्रीच्या कड्यांवर नवे पाणी-साठवण प्रकल्प ठरताहेत. टाटांचे भिवपुरीला १,००० आणि शिरवत्याला १,८०० मेगावॅटचे दोन आहेत, इतरही रांगेत आहेत. मला हे प्रकल्प हवे आहेत. त्यांच्याशिवाय कोळसा संध्याकाळचा धनी राहणार. पण धरणांच्या वेळी जे झालं तेच पुन्हा झालं, म्हणजे डोंगर आणि जंगल ठाकर-महादेव कोळ्यांचं नि दिवाबत्ती शहराची, तर या विजेला हरित म्हणताना निदान मला जड जाईल. जमीन जाणाऱ्या गावाला एकरकमी मोबदला देऊन मोकळं होण्यापेक्षा साठवलेल्या प्रत्येक युनिटमागे काही पैसे दरवर्षी ग्रामपंचायतीला मिळावेत. प्रकल्पाचं आयुष्य चाळीस वर्षं असेल तर गावाचा हिस्साही चाळीस वर्षं.

वीज नियामक आयोगाच्या जनसुनावण्या नवी मुंबईतही होतात. गृहनिर्माण संस्थांचे प्रतिनिधी तिथे जातात आणि दर वाढवू नका एवढंच सांगून येतात. उद्योगांचे वकील मात्र फायली घेऊन येतात आणि आपल्याला हवं ते मिळवतात. पुढच्या खेपेला आपणही काही नेमकं मागायला हरकत नाही. महावितरणने विकत घेतलेली वीज दर तासाला कशाची होती, याचा तक्ता दरमहा मराठीत छापावा. नव्या टॉवरना पूर्णत्वाचा दाखला देताना पंप, चार्जिंग आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्र दिवसा चालेल अशी जोडणी आहे का, हे दोन्ही महापालिकांनी तपासावं. आणि बिलावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार अशा ओळी आहेतच, त्यांच्याखाली 'साठवण आकार' अशी आणखी एक ओळ यावी. त्यातले किती पैसे घाटातल्या गावांना गेले ते तिथेच लिहिलेलं असावं, आणि ती ओळ ३०० युनिटांवरच्या बिलांतच छापली जावी.